बसऱ्याचा देव

जयसिंगपुरातल्या एका लग्नात कृष्णात मोरबाळेनं मार खाल्ला, तेव्हापासून पैपाव्हण्यांत त्याचं नाव जे खराब झालं ते झालंच. झालं होतं एवढंच, की पंगतीत मठ्ठा वाढत फिरणाऱ्या एका बाईच्या गळ्यात जुनी माळ होती आणि माळेच्या मधोमध एक सोन्याचं नाणं. कृष्णातनं हातातला घास ताटात टाकला, खिशातनं भिंग काढलं आणि बाई वाढायला वाकली तसा भिंग डोळ्याला लावून पुढं सरकला.

"काय बघालाईस रं मुडद्या?"

"जरा दम धरा वो. खालचं साल वाचतोय."

साल काही वाचून झालं नाही. बाईच्या भावानं मागनं येऊन गचांडी धरली आणि मठ्ठ्यासकट त्याला मांडवाबाहेर काढला. साठी गाठलेला माणूस, धोतरावर मठ्ठा, शर्टाचं बटण तुटलेलं आणि तोंडानं आपलं एकच चाललेलं, "आरं, मी बाईकडं न्हाय, राणीकडं बघत हुतो!" त्यावर आणखी दोन बसल्या.

घरी आला तेव्हा गाल सुजलेला. पण बायकोनं, शालूबाईनं, विचारलं तर मारामारीचं एक अक्षर काढलं नाही. "त्या सोनाराचं हात तोडाय पायजेत," म्हणाला. "नाण्यावरच्या राणीच्या टाळक्यावर कडी डागलीया भडव्यानं. शंभर-सव्वाशे वर्सांचं नाणं, आनी त्येला डाग दिऊन माळंत ववलंय."

"तुमच्या टाळक्यावर कोन डागत न्हाय ते बघा," शालूबाई म्हणाली आणि शेकायला मीठ गरम करायलासुद्धा उठली नाही.

कृष्णातचं उद्यमनगरात जळक्या मोटरींत नव्या तारा भरून द्यायचं दुकान. राजारामपुरीत दोन खोल्यांचा फ्लॅट. बोटं कायम वॉर्निशनं काळी. माणूस तोंडाचा असा फाटका, की गिऱ्हाईक मोटर टाकून जायचं ते परत न्यायला दुसऱ्याला धाडायचं. दारू नाही, पान नाही, कुणाच्या दहाव्या-बाराव्याला जाणं नाही. नाद एकच. इंग्रजाच्या सोन्याच्या गिन्न्या.

तो नाद लागला त्याला कारण होतं. पोरीच्या लग्नाला कानातलं करायला गुजरीत, सोनारांच्या पेठेत गेलता. सोनाराच्या ताटलीत मोडीला आलेलं एक नाणं पडलं होतं. घोड्यावर बसलेला गडी, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली वळवळणारं जनावर. कृष्णातनं ते उचललं आणि वरडलाच.

"आयला, ह्यो तर आमच्या देव्हाऱ्यातला जोतिबा! हितं कसा आला?"

सोनार पोट धरून हसला. "मामा, जोतिबा कसला? ही गिन्नी. घोड्यावरचा कोन इंग्रजांचा साधू हाय म्हणं. पाठ बघा की."

कृष्णातनं नाणं उलटलं. पाठीवर दाढीवाल्या राजाचं मुंडकं.

मोरबाळ्यांच्या घरात देवाची पाठ बघायची नाही, असा दंडकच होता. कृष्णातचा पणजा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेलता, तिथनं येताना त्यानं हा टाक आणला. घोडा, तलवार, पायाखाली राक्षस. जोतिबाच की! रत्नासुराला मारणारा. परमुलखात देवानं दर्शन दिलं म्हणून पणज्यानं तो तांदळाच्या पिशवीत घालून गावात आणला आणि देव्हाऱ्यात घोडा वर करून बसवला. तवापासनं मोरबाळ्यांचा 'बसऱ्याचा देव.' रोज आंघोळ, रोज गुलाल, अष्टमीला नैवेद्य. देवाच्या अंगावर कापड का नाही, हे कुणी विचारलं नाही. गुलालाखाली काय दिसतंय तेव्हा! पाचवीला एबीसीडी शिकल्यावर कृष्णातनं एकदा देवाच्या पायाखालचा आकडा वाचायचा प्रयत्न केलता. एक, नऊ, एक, सात, एवढं झालं आणि आईनं थोबाडीत हाणली. "देवाच्या पायाखाली काय वाचतोस मेल्या? पाया पड."

म्हणजे साल वाचण्यापायी मार खायची त्याला जुनी सवय होती.

त्या दिवशी गुजरीत ती थोबाडीत त्याला आठवली, आणि तिच्यासंगं तो आकडाही. पण आठवून उपयोग काय? वाटणी केव्हाच होऊन गेली होती.

वाटणीला भावकी बसलेली. थोरला भाऊ पिराजी तवा जिवंत होता, पण घर चालवायची ती त्याची बायको बयाबाई. भांडण विहिरीच्या पाळीवरनं सुरू झालं ते चुलखंडापर्यंत आलं. देव्हाऱ्याची गोष्ट निघाली तशी बयाबाई म्हणाली, देव थोरल्या घरात राहायचा रिवाज हाय, पण भावजींस्नी एखादा टाक पायजे असंल तर न्यावा. कृष्णात पेटलेलाच होता. भर पंचात म्हणाला, "ठेवा तुमची ती तांब्यापितळंची मोड. मला नगो. मी मोटरी भरून खानारा मानूस, देव घासत बसायला रिकामा न्हाय."

बयाबाईनं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला 'भावजी' म्हणायचं सोडलं. 'पावणं' म्हणायला लागली. पिराजी गेला तेव्हासुद्धा दारात उभ्या कृष्णातला बघून म्हणाली, "पावण्यास्नी पानी द्या."

इकडं कृष्णातचा नाद वाढत गेला. राजारामपुरीतच एका बोळात नौमान शिकलगारचं जुन्या नाण्यांचं दुकान. नौमान वयानं निम्मा, पण जिभेनं कृष्णातच्या बरोबरीचा. त्यानंच शिकवलं, की ह्या दाढीवाल्या राजाच्या गिन्न्या सात समुद्रापल्याड ठिकठिकाणी पाडल्या. सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर मोहरीएवढं अक्षर असतं. सिडनीची असंल तर एस, पर्थची असंल तर पी. लंडनच्या टांकसाळीतली असंल तर जमीन कोरी. कृष्णातनं लंडनचीच रांग धरली. मखमलीच्या पेटीत दरसालाला एक खण. अकरा सालापासनं सगळं भरत आणलं. एकच खण भरंना. सतरा साल.

"सतराची लंडन?" नौमान हसायचा. "काका, ती तिथल्यांस्नीच मिळंना. बहुतेक वितळून गेल्या म्हणत्यात. बाजारात येत्यात त्या निम्म्या खोट्या. तुमी आपला त्यो खण शेंगदाणं ठेवायला वापरा."

कृष्णात भिंग पुसून खिशात घालायचा. सतरा सालची गिन्नी कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. हातकणंगल्याच्या अलीकडं, त्याच्याच बापाच्या गावात, गुलालाखाली. फक्त तिच्या जमिनीवर अक्षर आहे का नाही, एवढंच ठाऊक नव्हतं. ते बघायला वयनीचा उंबरा चढायला लागणार होता, आणि त्यापेक्षा त्याला जयसिंगपूरचा मांडव बरा वाटायचा.

तरी यंदा गेला. घट बसायच्या आधी गावोगाव घरं धुतात, देव उजळतात, ते त्याच्या डोक्यात आलं आणि त्याचा धीर सुटला. वयनी दरवर्षी चिंच लावून राखेनं देव घासती. त्या जमिनीवरनं राख फिरती! स्कूटरला किक मारली तो गावात जाऊनच थांबला.

बयाबाई परसात नळाजवळ बसली होती. परातीत चिंचेचं पाणी, पाण्यात सगळा देव्हारा बुडवलेला, बाजूला करवंटीत राख. सून क्रांती आत भाकरी थापत होती. कृष्णात फाटकातनंच वरडला.

"थांबा! हात लावू नगासा!"

बयाबाईनं मान वर केली. "या पावणं. वाट चुकलासा व्हय?"

"वयनी, ते देव घासू नगासा राखंनं."

"का? तुमची मालकीन येनार हाय घासायला? तिला किती देव हायत ते तरी म्हाईत हाय का?"

"झिजतोय त्यो."

"कोन?"

"त्यो... बसऱ्याचा."

"आगं बया!" तिनं परातीतनं नेमका तोच टाक उचलला, चिमूटभर राख घेतली आणि त्याच्या डोळ्यांत बघत अंगठा चालवायला सुरुवात केली. "तांब्यापितळंची मोड झिजली तर तुमच्या का पोटात दुखालंय?"

"वयनी, हात जोडतो. थांबा."

हे मात्र नवीन होतं. कृष्णात मोरबाळेनं हात जोडलेले अख्ख्या गावानं पाहिले नव्हते. बयाबाईचा अंगठा थांबला. तिनं त्याला पाय धुवायला लावले, चपला लांब ठेवायला लावल्या, आणि टाक धुऊन त्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या. पाया पडा."

तो पाया पडला असता तर ही गोष्ट वेगळीच झाली असती. त्यानं भिंग काढलं.

सालातला गुलाल नखानं कोरला. १९१७. भिंग वर सरकवलं. घोड्याच्या मागच्या टापा, राक्षसाचं शेपूट, जमीन. जमीन जराशी झिजलेली, पण कोरी. उन्हात धरून इकडनं बघितली, तिकडनं बघितली. अक्षर नाही. म्हणजे लंडनची!

"वयनी," तो म्हणाला, आणि आवाज लोण्यासारखा झाला तिथंच बयाबाई सावध झाली. "ह्येच्या दुप्पट सोन्याचा नवा टाक करून देतो. घोडा बिडा सगळं."

"आनी ह्यो?"

"ह्यो मी नेतो. पुजीन की."

"पुजनार? भिंग लावून?" तिनं हात पुढं केला. "आना हिकडं. पंचात काय बोल्लतासा? घासत बसाय रिकामा न्हाय. मी हाय रिकामी. तुमची आई अंथरुनाला खिळली हुती तवाबी ह्येला आंघोळ घातलीया मी. मालक गेलं, सुतक फिटलं, पयली आंघोळ ह्येला. आनी तुमी भिंग घिऊन आलासा? सोनं हाय ते कळलंय व्हय आता? तवा देव नगो हुता, आता सोनं पायजे!"

"सोन्यासाठी न्हाय वो!"

"मग कशासाठी? भक्तीसाठी? थोबाड बघा आरशात!"

"आवं, देव न्हवंच त्यो!" कृष्णातचा बांध फुटला. "अडान्यासारखं करतासा. ही गिन्नी हाय, इंग्रजांची! घोड्यावरचा जोतिबा न्हाय, त्यो कुनीतरी नंगा साहेब हाय, नंगा! अंगावर लंगोटी तर हाय का बघा. आनी ही पाठ बघा. बघा की! राजा हाय इंग्लंडचा!"

आणि त्यानं देव उलटा केला.

भाकरीचा आवाज थांबला. क्रांती पिठाच्या हातानं मागच्या दारात येऊन उभी राहिली. बयाबाई त्या दाढीवाल्या मुंडक्याकडं बघत राहिली. चाळीसच्या वर वर्षं तिनं ज्याच्या पाठीवर नुसतं बोट फिरवलं, नजर कधी फिरवली नव्हती, ती पाठ अशी होती.

मग तिनं नाणं त्याच्या हातातनं काढून घेतलं. देव्हाऱ्यातल्यांत ठेवलं नाही, परातीत टाकलं नाही. पदराच्या टोकाला बांधलं.

"म्हंजे ह्यो देव न्हवं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"न्हवंच."

"नक्की?"

"आवं लेकराची शप्पत."

"बरं. जावा आता."

कृष्णात स्कूटरवर बसला तो शीळ घालत. काम झालं, असं त्याला वाटलं. देवपणाची गाठ सुटली, आता वयनीला त्या नाण्याचं काय? दोन दिवस फुगंल, मग नव्या टाकाच्या बदल्यात देईल. घरी जाऊन त्यानं पेटी काढली, सतराचा खण दाढीच्या ब्रशनं झाडला. मग राहवलं नाही म्हणून नौमानकडं गेला.

"अक्षर घासून गेलं असंल काका," नौमान म्हणाला. "शंभर वर्सं चिंच आनी अंगठा. पर्थची जमीनबी कोरी व्हईल तेवढ्यात."

"मी डोळ्यानं बघितलंय!"

"तुमी राणीबी डोळ्यानं बघिटलीवती जयसिंगपुरात."

कृष्णातनं त्याच्या काउंटरवरचं खोकं भिरकावलं. नौमाननं त्याला दुकानाबाहेर काढलं. पुन्हा पायरी चढलात तर पाय मोडीन, असं बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात क्रांतीचा फोन आला. ही पोरगी त्याच्याशी कधी चार शब्द बोलली नव्हती.

"धाकटं मामंजी, काय घालून ठेवलासा आमच्या घरात? आत्याबाई राती जेवल्या न्हाईत. सकाळी उठल्या आनी हातकणंगल्याला गेल्या, पोतदार सोनाराकडं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? इंग्रज काय देव्हाऱ्यात ठेवतील व्हय? वितळून नवा जोतिबा करून आनत्यात."

मोटर भरता भरता तांब्याची तार हातातनं सुटली ती सगळी उलगडत गेली. कृष्णात स्कूटरवर बसला. शिरोली गेली, चोकाक गेलं, कुणाला हॉर्न दिला, कुणाच्या अंगावर घातली, त्याला शुद्ध नव्हती. एका उसाच्या ट्रॉलीवाल्यानं मागनं आईमाईवरनं घातलेली शिवी तेवढी कानावर आली.

पोतदाराचं दुकान म्हणजे बोळातली एक खोली. बयाबाई भट्टीपुढं पाट घेऊन बसली होती. मोडीचं सोनं आपल्या डोळ्यांपुढं वितळवून घ्यायचं, सोनारानं हात फिरवायच्या आत, ही सगळ्या बायकांची रीत. त्यामुळं पोतदारालाही काही करता आलं नव्हतं. त्यानं सांगून बघितलं होतं, मावशी, गिन्नी हाय, अशीच कुनाला तरी द्या, फायद्यात पडशीला. ती म्हणाली होती, "फायदा नगो. पेटीव."

कृष्णात दारात आला तेव्हा मुशीच्या तळाला लाल थेंब लोळत होता. घोडा नव्हता, राजा नव्हता, साल नव्हतं. लहान पोराच्या डोळ्यासारखा एक गोल, चकचकीत थेंब.

"काय केलं वयनी!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलंसा हे! काय घालवलंसा तुमास्नी कळतंय का? दुनियेत बोटावर मोजन्याएवढी..."

"तुमीच सांगिटलासा की. देव न्हवं."

"देव न्हवं म्हंजे वितळा म्हनून सांगिटलं व्हय मी?"

"मग काय करायचं हुतं? पुजायचं? नंग्या साहेबाला?" ती पाटावरनं उठली. एवढीशी बाई, पण पोतदारानं सांडशी घेऊन भिंतीला पाठ लावली. "आवं, चाळीस वर्सं आंघोळ घातली मी त्येला. उपास धरलं. नवस बोल्ले. एका शब्दात तुमी माझी सगळी पूजा खोटी केलासा. माझ्याजवळ ऱ्हायलं काय? सोनं. तेवढं खरं हाय म्हनलासा न्हवं? मग त्येचा देव केला. आता सांगा कुनाचं चुकलं."

"मला तरी द्यायचं हुतं!"

"तुमाला?" बयाबाई हसली. "दोनदा देत हुते. एकदा पंचात आनी एकदा काल हातावर ठिवला तवा. पाया पडा म्हनले. पडला असता तर तिथंच देऊन टाकला असता, जोतिबाची आन."

हे खरं का त्याला जाळायला म्हणाली, ते तिचं तिला ठाऊक. कृष्णात त्या पायरीवर खाली बसला. पोतदारानं थेंब ओतला, तो बघता बघता पिवळा पडला, निवला. पोतदारानं ठोकायला घेतला. प्रत्येक ठोक्याला कृष्णातचे डोळे मिटत होते.

घट बसले तसा क्रांतीकडनं निरोप आला. आत्याबाई म्हनत्यात, नवा देव बसवलाय, पावण्यास्नी पाया पडाय बोलवा. शालूबाई म्हणाली, "जाऊ नगासा. जखमंवर मीठ चोळाय बोलवत्यात." तो गेला. का गेला, ते त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं शिवी दिली असती.

देव्हाऱ्यात विड्याच्या पानावर नवा टाक होता. पिवळाधमक. जोतिबाला मिशा, अंगरखा, डोक्याला फेटा. ह्या वेळी कापडात कसर नव्हती. घोडा जरा म्हशीसारखा झाला होता. कृष्णात वाकला. क्रांतीला वाटलं पाया पडतोय. पण त्याचा हात खिशात गेला आणि भिंग बाहेर आलं. माणसाच्या हाताला जी खोड लागते ती लागते. घोड्याच्या टापांवरनं भिंग खाली सरकलं, जमिनीवर आलं आणि थांबलं.

जमीन कोरी नव्हती. घोड्याच्या बरोबर पायाखाली मोहरीएवढं अक्षर ठोकलेलं होतं. पो.

"हितं अक्षर हाय," कृष्णात म्हणाला.

"असनारच की," बयाबाई मागनं म्हणाली. "पोतदारानं मारलंय, त्येच्या दुकानाचं. हिकडचा मानूस हाय त्यो, केलं ते लपवत न्हाय." तिनं गुलालाची वाटी उचलली, चिमूट घेतली आणि भिंगाच्या आडनंच त्या अक्षरावर टाकली. "सरका पावणं. उजेड अडवालाईसा."